बाटलीवरचा बॅच नंबर

आमच्या रोहण्यात औषधाच्या दुकानाला ‘मेडिकल’ म्हणतात. पोरगं खोकायला लागलं की आधी मेडिकल, मग डॉक्टर. आर्वी तालुक्यातल्या कितीतरी घरांची हीच रीत आहे. मेडिकलवर आपण विश्वास टाकतो, कारण बाटलीत काय आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्या विश्वासाला कायद्याचा आधार आहे. पण तो आधार एका दमात उभा राहिला नाही. त्यातला बराचसा माणसं गेल्यावर आला.

ब्रिटिश काळात भेसळीच्या औषधांची ओरड वाढली, तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४० साल उजाडलं, नियम १९४५ मध्ये आले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणारा माणूस शिकलेला आणि नोंदणीकृत असावा असं ठरवलं. दुकानाच्या भिंतीवर टांगलेला परवाना आणि फार्मासिस्टचं प्रमाणपत्र ही या कायद्यांची देणगी.

दरम्यान अमेरिकेत १९३७ साली एका औषधाने शंभरहून अधिक माणसं मारली. औषध पातळ करण्यासाठी कंपनीने डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं. हे रसायन पारदर्शक आणि चवीला गोड, दिसायला थेट ग्लिसरीनसारखं. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कडक कायदा केला. पण ते रसायन स्वस्त होतं, आणि स्वस्ताईचा मोह कायद्याने सुटत नाही.

१९८६ च्या सुरुवातीला ते मुंबईत पोचलं. जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना उपचार म्हणून ग्लिसरीन देण्यात आलं आणि त्यांची लघवी बंद पडू लागली. १४ जण दगावले. औषधी ग्लिसरीनच्या नावाखाली औद्योगिक माल आला होता आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. अहवालाने रुग्णालयाचे अधिकारी, औषध प्रशासन आणि मंत्री, सगळ्यांवरच ठपका ठेवला. विष एका पुरवठादाराचं असेल, पण ते रुग्णाच्या तोंडापर्यंत जाताना कितीतरी टेबलांवरून गेलं आणि कोणीच अडवलं नाही. लेंटिन अहवालातून मी घेतलेला धडा हा.

आता आपल्या दारातली गोष्ट. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची लहान मुलं एकामागून एक गेली. छिंदवाडा मध्य प्रदेशात, पण उपचाराला ती माणसं आपल्यासारखीच नागपूर गाठतात. अनेक मुलांनी नागपूरच्याच रुग्णालयांत प्राण सोडले. मृतांचा आकडा वीसच्या पुढे गेला. तमिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचबद्दल इशारा दिला. त्यातली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना लेबलवर छापायला केंद्राने डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. मेलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती.

मग मेडिकलवाल्याने काय करायचं? बाटलीतलं रसायन तपासायला त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, ते काम कारखान्याचं आणि प्रशासनाचं. पण परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच, बिलावर माल घेणं त्याच्या हातात आहे. चिठ्ठीची औषधं चिठ्ठीवाचून न देणं, फार्मासिस्ट दुकानात हजर असणं, आणि इशारा येताच ती बॅच कपाटातून बाजूला काढणं, हेही त्याच्याच हातात आहे. २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षं जपणंही त्याला बंधनकारक आहे.

एक फट मात्र जुनीच राहिली होती. १९४५ च्या नियमांना जोडलेल्या ‘अनुसूची के’ मध्ये हजारपर्यंत लोकसंख्येच्या गावांत काही घरगुती औषधं परवान्याविना विकायची सोय होती, आणि खोकल्याचं सिरप त्या यादीत होतं. दूरच्या गावाला औषध मिळावं हा हेतू चांगलाच. पण किराणा दुकानातून नेलेल्या बाटलीची नोंद कुठे राहणार? ती बॅच परत मागवायची वेळ आली तर कोणाच्या घरी निरोप द्यायचा?

म्हणून मला बिल महत्त्वाचं वाटतं. ‘दहा-वीस रुपयांसाठी बिल कशाला मागता’ असं आपण म्हणतो आणि विक्रेत्यालाही ते सोयीचंच असतं. पण उद्या एखाद्या बॅचचा इशारा फोनवर आला, तर तुमच्या घरातली बाटली तीच आहे की नाही, हे ताडून बघायला बिल कामी येतं. बिल मागा. बाटलीवरचा बॅच नंबर, मुदत आणि लहान मुलांबद्दलची सूचना वाचा. अक्षरं बारीक असतात, हे खरंच. फोनच्या कॅमेऱ्यातून मोठी करून बघा, आणि बाटली संपेपर्यंत तो फोटो पुसू नका.