दोन मणी नवे, एक जुना

मणीकामाचा इतिहास म्हणून आपण बहुधा मण्यांचाच इतिहास लिहितो. मणी विणणाऱ्या हातांचा नव्हे. मराठीत मणी ‘ओवले’ जातात, आणि या ओवण्याशी ‘ओवी’चे नातेही जोडले जाते. परंतु ओवणे आणि विणणे या दोन भिन्न कृती होत. ओवताना दोरा पुढेच जातो. विणताना तो आधीच्या मण्यात परत शिरतो. सराचा पट होतो तो या परतण्यामुळे.

सौराष्ट्रातील मोतीकाम हे याचे ठळक उदाहरण. नाव मोत्याचे, वस्तू मात्र काचेची. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेशी व्यवहार असणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत व्हेनिसचे बारीक मणी काठियावाडात येऊ लागले. त्यांतून तोरणे, चाकळे आणि इंढोणी, म्हणजे आपली चुंबळ, घडली. पांढऱ्या भूमीवर रंगीत हत्ती, घोडे, फुले. या कामाला माग लागत नाही. प्रत्येक टाक्यात दोन नवे मणी घ्यायचे आणि सुई आधीच्या ओळीतील एका मण्यातून काढायची. तीन मण्यांचा हा घट्ट त्रिकोण म्हणजेच सारे व्याकरण. म्हणूनच ही कला भांडवलावाचून घरात रुजू शकली. तिला हवी होती दृष्टी आणि वेळ. बाईच्या वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडत नव्हते.

मणी स्वस्त का होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आगीच्या भयाने व्हेनिसच्या सत्तेने 1291 मध्ये काचभट्ट्या मुरानो बेटांवर हलवल्या, हे सर्वज्ञात आहे. त्यामानाने ‘इम्पिरारेसे’ आपल्याला अपरिचित. या व्हेनिसच्या गरीब वस्त्यांतील स्त्रिया. पंख्यासारख्या धरलेल्या लांब सुया मण्यांच्या लाकडी पाळ्यात खुपसून त्या निर्यातीचे सर ओवत, मजुरी तुटपुंजी. चित्रकार सार्जंटने 1880 च्या सुमारास त्यांना चित्रित केले. 1904 मध्ये त्यांनी संप केला. म्हणजे काठियावाडातील गृहिणी जो सर सोडवून विणायला बसे, तो दूरच्या दुसऱ्या एका स्त्रीने ओवलेला असण्याचा संभव मोठा. एकीच्या श्रमाला अपुरे मोल, दुसरीच्या श्रमाला मोलच नाही. आणि त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

आज थोडक्या पैशांत हे काम शिकू पाहणाऱ्यास हा इतिहास उपयोगी पडावा, असे आम्हांस वाटते. बारीक सुई, मजबूत दोरा, दोन रंगांचे मणी एवढ्यावर आरंभ होतो. स्वस्त मणी असमान असतात. ते आधी निवडून घ्यावेत, नाहीतर वीण वाकडी जाते. काचेची धार दोरा कापते. तेव्हा काटकसर मण्यांत करावी, दोऱ्यात नव्हे. तुटलेल्या जुन्या तोरणाचे मणीही चालतात.

रुखवतातील मण्यांच्या वस्तूंना आपण ‘हौस’ म्हणून मोकळे होतो. हौस हा शब्द खोटा नाही, अपुरा आहे. त्या पटाचा प्रत्येक त्रिकोण कुणाच्या तरी दुपारीचा तुकडा आहे. समीक्षेने वीण वाचायची ठरवली, तर तिलाही सुईप्रमाणे एकदा मागच्या मण्यात परतावे लागेल.