हिराबाग ते गोवालिया टँक : एका अधिवेशनाच्या जागेची कथा

कोणत्याही संस्थेने अधिवेशन, शिबिर अथवा परिषद भरविण्याचे योजिले म्हणजे सर्वप्रथम उभा राहतो तो जागेचा प्रश्न. वक्ते मिळतात, विषय ठरतात, निमंत्रणपत्रिकाही छापून होतात; परंतु बाहेरगावच्या मंडळींना उतरवावयाचे कोठे, त्यांच्या भोजनाची व्यवस्था कोणी पाहावयाची आणि सर्वांना सुखाने बसता येईल असे सभागृह आहे काय, या प्रश्नांचा उलगडा झाल्यावाचून कार्य पुढे सरकत नाही. ऐतिहासिक नगरात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. तेथे वाडे, बागा व देवालये यांची उणीव नसते. परंतु वास्तूचे वैभव आणि वास्तूची सोय या दोन भिन्न गोष्टी होत. इ. स. १८८५ मध्ये पुणे शहरात या प्रश्नाचे एक अतिशय विचारपूर्वक उत्तर काढण्यात आले होते. ते उत्तर चुकीचे नव्हते, तरीही ऐनवेळी बदलावे लागले. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाची ही कथा अनेकांना एका वाक्यात ठाऊक असते. त्या वाक्यामागील व्यवस्थेचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही.

पुण्याचीच निवड का?

देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील पुढाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र जमावे, ही कल्पना निवृत्त सनदी अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि त्यांचे हिंदी सहकारी यांनी उचलून धरली. मार्च १८८५ मध्ये नाताळच्या सुट्टीत परिषद भरविण्याचे ठरले. त्या दिवसांत न्यायालये व कचेऱ्या बंद असत, त्यामुळे वकील मंडळींना प्रवासास सवड मिळे. स्थळ म्हणून पुण्याची निवड झाली, कारण सर्व प्रांतांचा विचार करता ते मध्यवर्ती व म्हणून सर्वांत योग्य मानले गेले.

या निवडीमागे रेल्वेचा हिशेब उघड दिसतो. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण होऊन पुणे मुंबईशी सलग जोडले गेले होते. जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता हा मार्ग १८७० मध्ये, तर रायचूरमार्गे मुंबई–मद्रास हा मार्ग १८७१ मध्ये जोडला गेला. मद्रासकडून येणाऱ्या प्रतिनिधीस पुणे हे मुंबईच्या वाटेवरच लागे. पंधरा वर्षांपूर्वी असे अखिल भारतीय संमेलन भरविणे मनात येऊनही शक्य झाले नसते.

दुसरे कारण यजमानाचे. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० रोजी झाली. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांत असंतोष निर्माण झाला आणि त्यातून लोकांच्या वतीने बोलणारी एखादी संस्था असावी हा विचार पुढे आला. गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका यांनी त्या विचारास मूर्त रूप दिले. सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रे देऊन निवडलेले ९५ सभासद, अशी तिची रचना होती. देवस्थानाचा कारभार चोख असावा या आग्रहातून जन्मलेली ही संस्था पुढे अखिल भारतीय परिषदेचे यजमानपद स्वीकारण्याइतकी समर्थ झाली, ही गोष्ट विश्वस्तपदावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावी अशी आहे.

हिराबागेची योजना

परिषदेसाठी सभेने पर्वतीच्या पायथ्याजवळची पेशवेकालीन बाग, म्हणजे हिराबाग, देऊ केली. बाग सभेच्या ताब्यात होती आणि तेथे उत्तम सभागृहही होते. २५ ते ३१ डिसेंबर या तारखा ठरल्या आणि प्रांतोप्रांती परिपत्रक रवाना झाले.

त्या परिपत्रकातील व्यवस्था आजही एखाद्या कार्यवाहाने समोर ठेवावी इतकी नेमकी आहे. प्रतिनिधींनी पुण्यापर्यंतचा व परतीचा प्रवास स्वखर्चाने करावा. परंतु पुणे स्थानकावर उतरल्यापासून पुन्हा गाडीत बसेपर्यंत वाहन, निवास, भोजन इत्यादी सर्व गरजा यजमानांकडून विनामूल्य भागविल्या जातील, असे त्यात स्पष्ट केले होते. हा खर्च स्वागतनिधीतून व्हावयाचा होता. तो निधी प्रथमतः पुणेकरांनी उभारावयाचा. ज्या प्रतिनिधींची ऐपत असेल त्यांनी इच्छेनुसार त्यात भर घालावी. आणि अशा देणग्यांतून काही शिल्लक राहिल्यास ती पुढील वर्षाच्या स्वागतनिधीचे बीज म्हणून जमा धरावी, अशी तरतूद होती. परिषद एकदाही भरली नव्हती, तोच दुसऱ्या वर्षाच्या जमेचे खाते उघडण्यात आले होते. कार्य टिकावे अशी इच्छा असणाऱ्यांची दृष्टी येथे दिसते.

याहून महत्त्वाचा मुद्दा निवासाचा होता. सर्वांनी एकाच आवारात आठवडाभर राहावे, यावर आयोजकांचा विशेष भर होता. मुंबईत त्यापूर्वी झालेल्या सभांच्या वेळी बाहेरून आलेली मंडळी शहरभर विखुरलेल्या बिऱ्हाडांत उतरली होती. सभा संपली की जो तो आपल्या वाटेने जाई. मद्रासचा वकील, कराचीचा व्यापारी आणि लखनौचा संपादक यांची खरी ओळख ठराव मांडताना होत नाही. ती सकाळच्या फेरफटक्यात व भोजनाच्या पंगतीत होते. हिराबागेची खरी योग्यता तिच्या पेशवेकालीन स्मृतींपेक्षा या एकत्र निवासाच्या सोयीत होती.

ऐनवेळचा पेच

सर्व सिद्धता होत आली असता अधिवेशनापूर्वी अवघे काही दिवस पुण्यात पटकीसदृश आजाराचे तुरळक रुग्ण आढळले. त्या काळी पटकी हा शब्द उच्चारताच माणसांच्या मनाचा थरकाप होत असे. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाच्या जंतूचा शोध लावून दोनच वर्षे लोटली होती आणि खात्रीचा उपचार दृष्टिपथात नव्हता. दूषित पाणी व अन्न यांतून हा रोग पसरतो, हे आज सर्वांस ठाऊक आहे. त्या दृष्टीने पाहता एक विलक्षण विसंगती ध्यानी येते. एक आवार, एक स्वयंपाकघर, एक पाणवठा, एकत्र पंगत, हे जे हिराबागेच्या योजनेचे बळ होते, तेच पटकीच्या सावटात तिचे सर्वांत मोठे भय ठरले. विखुरलेल्या बिऱ्हाडांत एखादा रुग्ण निघाला असता तर एका घरावर संकट आले असते. येथे ते सबंध परिषदेवर आले असते.

पुणेकरांसमोरचा प्रश्न साधा नव्हता. निधी जमविण्यात व व्यवस्था लावण्यात महिने खर्ची पडले होते; शिवाय देशातील पहिल्या परिषदेचा मान पुण्याकडे आला होता. तथापि लांबून येणाऱ्या पाहुण्यांच्या जिवास धोका पत्करणे योग्य नव्हे, असा निर्णय झाला आणि अधिवेशन मुंबईस हलविण्यात आले. पाहुणा सुखरूप घरी परतणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य होय आणि मानापमान त्यानंतर, हा विवेक त्या मंडळींनी दाखविला.

तयार असलेली वास्तू

मुंबईत कार्यभार उचलला तो बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनने. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्याच वर्षी, जानेवारी १८८५ मध्ये, ही संस्था स्थापन केली होती. परंतु इतक्या थोड्या अवधीत सभागृह व निवास या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे दुरापास्त होते. ती अडचण गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालय व वसतिगृह यांच्या व्यवस्थापकांनी दूर केली. गोवालिया टँकजवळील आपल्या इमारती त्यांनी परिषदेच्या हवाली केल्या. २७ डिसेंबरच्या सकाळपर्यंत प्रतिनिधींच्या स्वागताची सर्व तयारी झाली होती.

गोकुळदास तेजपाल हे भाटिया समाजातील दानशूर व्यापारी. मुंबईतील त्यांच्या नावाचे रुग्णालयही सुपरिचित आहे. विद्यार्थ्यांच्या अध्ययनासाठी व निवासासाठी या वास्तू उभ्या राहिल्या, तेव्हा येथे राष्ट्राची पहिली परिषद भरेल, असे कोणाच्या स्वप्नीही नसेल. परंतु खोल्या बांधलेल्या होत्या आणि व्यवस्थापक विश्वासाचे होते, म्हणूनच काही दिवसांच्या सूचनेवर ते शक्य झाले. एकत्र निवासाचा जो हेतू हिराबागेच्या निवडीमागे होता, तोही येथे साधला.

सोमवार, २८ डिसेंबर १८८५ रोजी दुपारी बारा वाजता परिषदेस प्रारंभ झाला. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्षस्थानी होते आणि प्रतिनिधींची संख्या ७२ होती. पुण्याहून सार्वजनिक सभेचे चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर व गोपाळ गणेश आगरकर हे उपस्थित राहिले. न्यायमूर्ती रानडे सरकारी सेवेत असल्याने प्रतिनिधी म्हणून नव्हे, तरी हितचिंतक म्हणून आले. यजमानपद हातचे गेले म्हणून पुणेकर रुसून घरी बसले नाहीत.

पुढील दहा वर्षे

पुढे संख्या झपाट्याने वाढली. १८८६ मध्ये कलकत्त्यास चारशेहून अधिक, तर १८८७ मध्ये मद्रासला सहाशेहून अधिक प्रतिनिधी जमले. आता एखाद्या महाविद्यालयाचे सभागृह पुरेना. भव्य मंडप उभारण्याची प्रथा पडली.

पुण्याचा राहून गेलेला मान १८९५ मध्ये फेडला गेला. अकरावे अधिवेशन तेथे भरले आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष झाले. १८८५ मध्ये त्याच आठवड्यात कलकत्त्यास त्यांची स्वतंत्र परिषद असल्याने ते मुंबईस येऊ शकले नव्हते. या खेपेस मात्र वाद निघाला तो मंडपावरून. काँग्रेसचे अधिवेशन संपल्यावर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता. त्यास पुण्यात तीव्र विरोध झाला, तेव्हा रानडे यांनी माघार घेऊन आपली परिषद वेगळ्या जागी भरविली. मंडप कोणाचा, या वादात मूळ कार्यास धक्का पोहोचू नये, हा त्यांचा हेतू होता. दहा वर्षांपूर्वी पुणेकरांनी आरोग्यासाठी जागा सोडली होती. आता ऐक्यासाठी सोडली गेली.

ऐनवेळी मिळालेल्या गोवालिया टँक परिसराचे भाग्य मात्र तेथेच संपले नाही. ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथील मैदानावर 'छोडो भारत' ठराव संमत झाला आणि ते मैदान पुढे ऑगस्ट क्रांती मैदान या नावाने ओळखले जाऊ लागले.

सभागृहे, वसतिगृहे व भोजनशाळा उभारणाऱ्या विश्वस्तांना आपल्या वास्तूचा उपयोग कोणत्या प्रसंगी होईल हे आधी कळत नसते. ती स्वच्छ, सुस्थितीत व सर्वांस खुली ठेवावी आणि तिचा हिशेब चोख असावा, एवढेच त्यांच्या हाती असते. १८८५ च्या डिसेंबरात एका व्यापाऱ्याच्या दानातून उभी राहिलेली वास्तू अशा रीतीने सज्ज होती, म्हणून एका शहरात अडलेले कार्य दुसऱ्या शहरात सुखरूप पार पडले.