शिंगरू परीक्षकापुढे उभे राहते तेव्हा : दख्खनमधील अश्वपरीक्षेचा इतिहास

१/ कन्नड तालुक्यातील पिशोरच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो आणि पुढे तापीकाठी नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा. आग्नेयेला मराठवाडा ओलांडत गेले की नांदेड जिल्ह्यातील माळेगाव. सारंगखेड्याला मार्गशीर्ष पौर्णिमेस एकमुखी दत्ताची यात्रा भरते, माळेगावला त्याच महिन्याचा वद्य पक्ष सरताना खंडोबाची. दोन्ही यात्रांचा प्राण म्हणजे घोड्यांचा बाजार.

२/ या बाजारांतील एक दृश्य फार जुने आहे. पाठीवर अद्याप खोगीर न चढलेले दोन-अडीच वर्षांचे शिंगरू. त्याच्या दोराशी मालक किंवा मोतद्दार. समोर जाणकार. शिंगरू आधी स्थिर उभे करायचे, मग चालवायचे, मग दुडकीने पळवून परत आणायचे. स्वार नाही, शर्यत नाही. केवळ हाती धरून दाखवलेल्या या जनावराकडे पाहून त्याचे पुढले वीस वर्षांचे भवितव्य सांगायचे असते.

३/ या दृश्यात जाणकार नेमके काय पाहतो? उत्तर प्रत्येक काळात बदलत गेले. आणि ज्या ज्या वेळी ते बदलले, त्या त्या वेळी दख्खनमधला घोडाही बदलला. हा धागा त्या बदलत्या नजरेचा आहे.

४/ आरंभ कौटिल्यापासून करावा लागतो. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कूळ, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि तो कोठून आला हे लिहून ठेवायचे आहे: विकत घेतलेला, युद्धात मिळालेला, पागेतच जन्मलेला, गहाण पडलेला. अशुभ, व्यंग असलेल्या आणि आजारी घोड्यांची वर्दी वेगळी द्यायची. म्हणजे पाहणी ही आधी नोंद आहे, रसिकता नंतर.

५/ मापेही दिली आहेत. उत्तम घोड्याचे मुख ३२ अंगुळे, लांबी पाच मुखे, जंघा २० अंगुळे आणि उंची चार जंघा. अंगुळ पाऊण इंचाच्या आसपास धरले तर उंची सुमारे पाच फूट होते. खांद्यापाशी एवढी उंची चांगल्या घोड्याची असू शकते. तेव्हा हे माप खांद्यापर्यंतचे असावे. घोडा स्थिर उभा करण्याची रीत त्या मोजमापातच गृहीत आहे. आजचा मोतद्दार दोर धरून शिंगरू स्थिर उभे करतो, तेव्हा तो याहून फारसे वेगळे काही करत नसतो.

६/ शिंगराच्या खुराकाचा हिशेबही तेथे आहे. पहिल्या महिन्यांत तूप, पीठ आणि दूध, पुढे वाढत्या वयाबरोबर जव. चार किंवा पाच वर्षांचा झाला की तो पूर्ण वाढीचा आणि कामास योग्य. दातांची साक्ष याच्याशी जुळते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने बदलतात. म्हणूनच परीक्षक आजही ओठ उलटून पाहतो, मालकाच्या तोंडी हिशेबावर विसंबत नाही.

७/ शालिहोत्र, नकुल, जयदत्त यांच्या नावांशी निगडित अश्वशास्त्राच्या परंपरेने यात एक वेगळे परिमाण आणले: आवर्त, म्हणजे केसांचे भोवरे. छातीवर दोन, मस्तकावर दोन, कुशीपाशी दोन्ही बाजूंना मिळून चार, कपाळी एक, वरच्या ओठावर एक असे दहा ध्रुव आवर्त मानले गेले. ते नसणे हा दोष, त्यांखेरीज इतरत्र उमटलेले भोवरे जागेनुसार शुभ किंवा अशुभ. कंठावरचा देवमणी भाग्याचा. चारही पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी.

८/ हे सारे अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण उतावळेपणाचे आहे. भोवरा जन्मापासून मरणापर्यंत बदलत नाही. रंग वयाबरोबर पालटतो, पांढरा तर हमखास. देह वाळतो, भरतो. ओळखपत्राच्या आधीच्या जगात भोवरा हीच घोड्याची अंगठ्याची खूण होती. शुभाशुभाच्या चर्चेमुळे का होईना, खरेदीदार जनावर अंगावर हात फिरवून, इंच इंच पाहू लागला. तोटा असा की चांगल्या पायांचे शिंगरू एका भोवऱ्यापायी कवडीमोलाने जाऊ लागले.

९/ दख्खनच्या दरबारी विद्येतही अश्वाला मोठे स्थान होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या मानसोल्लासात घोड्यांच्या जाती, लक्षणे, शिक्षण आणि ‘वाजिवाह्याली’, म्हणजे अश्वक्रीडेचे मैदान, यांचे सविस्तर वर्णन येते. अमरकोशाने घोड्याच्या पाच गती सांगितल्या आहेतच: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. चालीला इतकी नावे तेथेच पडतात, जेथे लोक चाल डोळ्यांत तेल घालून पाहतात.

१०/ मात्र या सर्व शास्त्रात एक पक्षपात खोलवर रुतलेला आहे. उत्तम घोडा नेहमी दूरचा. कौटिल्याचे उत्तम घोडे कांबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायु देशांचे; मध्यम बाह्लीक, सौवीर वगैरे; उरलेले सारे कनिष्ठ. पुढे होर्मुझ आणि एडनकडून जहाजांनी घोडे पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले, १५१० नंतर गोव्यात पोर्तुगीजांनी त्या व्यापारावर पकड बसवली. तेव्हाही न्याय तोच राहिला. समुद्रापलीकडून आला तो ‘घोडा’, नदीकाठी जन्मला तो ‘तट्टू’.

११/ आता देवगिरी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी याच वाटेने आला, यादवांकडून अपार लूट घेऊन गेला आणि सुलतान झाला. त्याने बसवलेल्या दोन पद्धती पुढे शतकानुशतके टिकल्या: ‘दाग’ म्हणजे घोड्याला डाग देणे, आणि ‘हुलिया’ म्हणजे शिपायाची वर्णनवही. कारण उघड होते. हजिरीच्या दिवशी शेजाऱ्याचा धष्टपुष्ट घोडा उसना आणून दाखवायचा, पगार उचलायचा आणि मोहिमेला मरतुकडे तट्टू न्यायचे, ही कला सैन्यात सर्वत्र साधलेली होती.

१२/ बरनीने दिलेले त्याच्या बाजाराचे भाव असे: पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०. तट्टू १० ते २५. स्वाराचा वार्षिक पगार २३४ टंके, दुसरा घोडा बाळगला तर आणखी ७८. पगाराच्या जवळजवळ निम्मी रक्कम एका जनावरात. घोडा कोणत्या प्रतीत बसतो, हे ठरवणाऱ्याच्या शब्दाला किती वजन असेल, याची कल्पना यावरून यावी. घोड्यांचे दलाल हे खिलजीच्या रोषाचे खास धनी होते, तेही यामुळेच.

१३/ मराठा लष्करात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. सभासदाने सांगितलेली शिवकाळातील पागेची रचना प्रसिद्ध आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचविसांमागे एक नालबंद व एक पखालजी. बारगिराचा घोडा सरकारचा, म्हणून तो पडला तर नुकसान सरकारचे.

१४/ शिलेदाराची गोष्ट निराळी. घोडा हीच त्याची इस्टेट. चाकरीत शिरताना जनावर कारकुनासमोर उभे करावे लागे. कुमाईत, सुरंग, अबलख, मुश्की असा रंग, खुणा, वय, किंमत यांची नोंद होई, आणि वेतन त्याच्या मगदुरावर ठरे. हाती दोर धरून घोडा दाखवणारा तो मनुष्य घरातली अख्खी शेती जणू त्या दोराला बांधून उभा असे. शिलेदार भर लढाईत घोडा जपतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घेतलेला दिसत नाही.

१५/ या सैन्याचे बळ कोणत्या घोड्यावर उभे होते? दरबारी चित्रांतल्या अरबी वारूवर नव्हे. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत निपजलेल्या, मध्यम उंचीच्या, काटक, खडकाळ जमिनीवर न अडखळणाऱ्या, कडब्यावर निभावणाऱ्या भीमथडी घोड्यावर. त्यात अरबी रक्ताचे मिश्रण झाले होते, पण त्याला घडवले ते अवर्षणाच्या मुलखाने. परीक्षा कुणा पंडिताने घेतली नाही, मोहिमेने घेतली. जो घोडा लांबच्या दौडीनंतर उभा राहिला, त्याची वीण पुढे चालली.

१६/ १८१८ नंतर पागा मोडल्या. मागणी ओसरली तशी पैदासही. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा येथे कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडेपैदास करून पाहिली. तोही प्रयोग गुंडाळला गेला. भीमा-नीरेच्या काठच्या घोड्यांची वाखाणणी करणारे ब्रिटिश गॅझेटिअर त्यांच्या ऱ्हासाचीही नोंद करते.

१७/ शिलेदारी मात्र नव्या वेशात जिवंत राहिली. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे होती आणि ‘सिल्लादार’ पद्धत, म्हणजे स्वाराने आपल्या घोड्याचा भार उचलण्याची रीत, पहिल्या महायुद्धापर्यंत चालू राहिली. १४ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या रणभूमीवर हाय वूडजवळ चढाई करणारी २० वी डेक्कन हॉर्स या परंपरेतली. पण स्वारांखालचे घोडे एव्हाना बहुतांशी परदेशी वंशाचे, ऑस्ट्रेलियन ‘वेलर’ धाटणीचे झाले होते.

१८/ कारण परीक्षक बदलला होता. विक्टोरियन काळात सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रजी व अरबी वळू ठेवले, निवडक घोड्यांच्या माद्यांना डाग दिला आणि अश्वप्रदर्शने भरवून त्या विणीच्या शिंगरांना बक्षिसे दिली. लष्कराला गोरा स्वार आणि त्याचे जड सामान पेलणारा उंच घोडा हवा होता. पंजाच्या रुंदीच्या, म्हणजे चार इंचांच्या मापाने सुमारे १५ भरणारा. भीमथडी घोडा १३ च्या आसपास. रिंगणात उभा करताच तो हरलेला असे, मग पाय कितीही पोलादी असोत.

१९/ येथे ‘हाती दाखवण्याच्या’ पद्धतीची मर्यादा उघडी पडते. उभ्या जनावरात बांधा दिसतो, सांधे दिसतात, चालताना पाय सरळ पडतो की आत वळतो हे दिसते, परक्याच्या स्पर्शाने ते बिथरते का हेही कळते. दिसत नाही ती तिसऱ्या दिवशीची दौड. अर्धपोटी राहण्याची ताकद रिंगणात मोजता येत नाही, उंची येते. जे मोजता येते त्यालाच गुण मिळतात.

२०/ आजच्या सारंगखेड्यात नजर पुन्हा फिरली आहे. आता मान आहे तो मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना, आणि पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला. इंग्रजांनी नाक मुरडलेले आत वळलेले कान, टोके एकमेकांना भिडून कमान करणारे, आज पहिल्या नजरेत गुण मिळवतात. मारवाडी घोड्याचे लिखित मापदंड विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले, आणि ज्या भोवऱ्यांची वसाहतकाळात थट्टा झाली त्यांची विचारपूस यात्रेत अजूनही होते. बाजारात कोटींच्या किमती छापून येतात; त्या बहुधा मालकाने सांगितलेल्या असतात, कोणी मोजलेल्या नव्हेत, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

२१/ दाखवण्याच्या युक्त्या मात्र कालातीत. पुढचे पाय किंचित चढावर ठेवून शिंगरू उंच भासवणे. अंगावर तेलाचा हात. उजवी बाजू दुबळी असेल तर गर्दी डाव्या अंगाला वळवणे. आणि हेडी-दलालांनी रुमालाखाली बोटे दाबून ठरवलेला भाव, जो शेजारच्यालाही कळू नये. जुना परीक्षक या सगळ्याकडे दुर्लक्ष करून खूर उचलून पाहतो आणि ‘दोर ढिला सोडून चालव’ असे सांगतो. ढिल्या दोराने चालताना मान आपोआप खालीवर होते आणि लंगड लपत नाही.

२२/ माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन भरते. शिंगरू घेऊन आलेला शेतकरी आणि पशुवैद्यक तेथे समोरासमोर येतात. एकाच्या तोंडी देवमणी आणि पंचकल्याणी, दुसऱ्याच्या तोंडी सांधे, दात, खूर. निकालावर कुरकुर होते ती बहुधा या दोन शब्दकोशांच्या मधल्या फटीतून.

२३/ आणि भीमथडी? तो नामशेष झाल्याचे बराच काळ मानले जात होते. पण तो कुठे गेलाच नव्हता. मेंढ्यांच्या कळपांमागे कोकणापर्यंत जाणाऱ्या धनगरांच्या वाड्यांत तो राहिला: पाठीवर तंबू, भांडीकुंडी, कोकरे आणि कधी लहान मूल. कुठल्याही रिंगणात त्याला कुणी उभे केले नाही, म्हणून कुणी बादही केले नाही. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

२४/ नोंद झाली म्हणजे मापदंड आले: उंची, छातीचा घेर, मुखाची लांबी, रंग. अश्वाध्यक्षाच्या वहीत होते तेच रकाने. उद्या या जातीची स्वतंत्र स्पर्धा भरेल, तेव्हा एखादा धनगर आपली शिंगी दोराने धरून रिंगणात आणील. तिची उंची मोजायची की सामान लादून तिला घाट चढायला लावायचा, हे त्या दिवशीच्या परीक्षकांना ठरवावे लागेल.