गोरेगावच्या नळापासून लोकसभेपर्यंत

इन्नंबूरहून बोलतोय. कुंभकोणमजवळचं हे छोटं गाव. इथल्या शिवाला एळुत्तरिनाथर म्हणतात, म्हणजे अक्षरांचा जाणकार. मुलांना पहिली अक्षरं गिरवायला लोक इथं आणतात.

चोळांच्या राज्याचा विषय निघाला की उत्तरमेरूरचा शिलालेख आठवतोच. पहिल्या परांतकाच्या काळातला, साधारण 920 सालचा. ताडपत्रावर नावं लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढायची, अशी तिथली निवड. तळ्याची वेगळी समिती होती. ज्यानं आधीचा हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद! हा नियम मला फार आवडतो. पण उमेदवाराकडे जमीन हवी आणि घर स्वतःच्या जागेवर हवं, अशीही अट होती.

आता हजार वर्षं ओलांडून मुंबईला येऊ. 1957 साली शहराची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आलं. घरपट्टी भरणारे नागरिक झाले, पण पाण्याचे हाल सरले नाहीत. झोपडपट्टीत तर जागाच स्वतःची नाही, मग नळ कोणाच्या नावानं द्यायचा? कागदावर प्रश्न तिथंच संपत होता.

मृणाल गोरे यांनी तो तिथं संपू दिला नाही. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आलेल्या. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. 1961 ला त्या नगरसेविका झाल्या. हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात उभ्या राहू लागल्या आणि लोकांनी नाव दिलं, ‘पाणीवाली बाई’. फौजेत आम्हाला शिकवायचे, नकाशा पाहा, पण जमीन चालून या. ताईंची जमीन चालून झालेली होती.

त्याच 1961 च्या निवडणुकीत अहिल्या रांगणेकरही महापालिकेत आल्या. त्या कम्युनिस्ट, या समाजवादी. 1972 मध्ये महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली तेव्हा दोघी एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. तेल, साखर, रॉकेल हे स्वयंपाकघरातले शब्द राजकारणात आले. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या.

मग आणीबाणी. काही महिने भूमिगत, नंतर अटक. 1977 ला त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, अहिल्याताई उत्तर मध्य मुंबईतून. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या होत्या. लोक म्हणायचे, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’

जगात अशी उदाहरणं आहेत. जर्मनीचे कोनराड आडेनाऊअर 1917 पासून कोलोनचे महापौर. 1933 ला नाझींनी त्यांना हटवलं, पुढे तुरुंगही दाखवला. 1949 ला ते संसदेत आले आणि वयाच्या 73 व्या वर्षी पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले. तुरुंगातून संसद, इथवर दोन्ही वाटा सारख्या. पुढे मात्र फरक पडतो.

मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्यमंत्रिपद देऊ केलं. त्यांनी नाकारलं. इथं माझं त्यांच्याशी जमत नाही. माणूस जमीन ओळखतो तर त्यानं हुकूमही हाती घ्यावा, असं माझ्यातला जुना फौजी म्हणतो. आरोग्य खात्यात पाणीवाली बाई असती तर? पण 1979 ला ते सरकारच गेलं, आणि त्यांचं काम मुंबईत चालूच राहिलं, हेही मला मान्य करावं लागतं.

नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून कमाल जमीनधारणा कायद्याखालची जमीन मिळाली आणि दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. 1985 ला ताई परत विधानसभेत गेल्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा महाराष्ट्राचा 1988 चा कायदा झाला, त्यामागे त्यांचाही पाठपुरावा होता. 17 जुलै 2012 ला त्या गेल्या.

गोरेगावात एका उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. एखाद्या जलवाहिनीला दिलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

अहिल्याताईंवर आज घाईत बोललो. पुढचा भाग त्यांचाच.