पेनसिल्व्हेनिया लाँग रायफल

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीत अठराव्या शतकात आकाराला आलेली एकबारी रायफल. ती चकमकीवर चालते, काळ्या दारूचा बार घेते आणि नळीच्या तोंडातून ठासून भरली जाते. केंटकी रायफल या नावानेही ती प्रसिद्ध आहे. साधारणपणे ४२ ते ४६ इंच लांबीची अष्टकोनी नळी, नळीच्या तोंडापर्यंत गेलेला मेपल लाकडाचा सडपातळ दस्ता, त्याच्या उजव्या अंगाला झाकण असलेला छोटा कप्पा आणि पितळेचे जडकाम, एवढ्यावरून ती ओळखू येते. एकदा बार उडाला की सगळी भरण पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मूळ रायफली आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. मात्र जुन्या पद्धतीने नवी लाँग रायफल घडवण्याची कारागिरी अमेरिकेत अजून चालू आहे आणि तिच्या नेमबाजीचे सामनेही भरतात.

हिचे मूळ जर्मन भाषक प्रदेशांतल्या शिकारी रायफलीत आहे. तिथली ‘येगर’ रायफल आखूड, जाड नळीची आणि मोठ्या गोळीची असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन व स्विस कुटुंबे मोठ्या संख्येने पेनसिल्व्हेनियात येऊन वसली. त्यांच्याबरोबर आलेल्या बंदूक-कारागिरांनी लँकेस्टर आणि आसपासच्या भागांत दुकाने थाटली. जंगलाच्या काठाला राहणाऱ्या गिऱ्हाइकाला दारू आणि शिसे विकत घ्यावे लागे आणि ते पाठीवर वाहून न्यावे लागे. म्हणून गोळी लहान झाली. ब्रिटिश पायदळाच्या मस्केटसाठी, म्हणजे नळीत पीळ नसलेल्या बंदुकीसाठी, एका पौंड शिशातून १४ गोळ्या निघत, ०.४५ इंच व्यासाच्या नळीच्या लाँग रायफलसाठी तेवढ्याच शिशातून पन्नासाहून अधिक निघतात. लहान गोळीला दारूही कमी लागते. नळी लांब झाली तसे पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर वाढले आणि नेमातली बारीक चूकही डोळ्याला दिसू लागली. या रायफलीचे देखणेपण पुष्कळ वाखाणले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिचा बांधा ठरला तो काटकसरीतून.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यातला सोरा मिळवणे सर्वांत अवघड. त्या काळात ब्रिटिश साम्राज्याला सोऱ्याचा मोठा पुरवठा ईस्ट इंडिया कंपनीमार्फत बिहारमधून होत असे. १७७५ मध्ये ब्रिटनशी युद्ध जुंपले तेव्हा अमेरिकन वसाहतींना दारूची तीव्र टंचाई भासली, त्याचे एक कारण हेच.

घडण. जुन्या पद्धतीत नळी म्हणजे लोहारकाम. लोखंडाची लांब चपटी पट्टी सळईभोवती वळवायची, टाकणखार टाकून भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची आणि ऐरणीवर ठोकून काठाला काठ सांधायचा. एका तापवणीत चार-सहा बोटांपुरताच सांधा जुळतो, त्यामुळे पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण. सांध्यात मळी राहिली तर नळी कच्ची. मग लांब दांड्याच्या पात्यांनी आतले भोक रुंद व गुळगुळीत करायचे, नळी सरळ आहे की नाही ते आत डोकावून पाहायचे, वाकली असेल तिथे हलक्या ठोक्याने सरळ करायची आणि बाहेरचे आठ पैलू कानशीने काढायचे.

यानंतर येते ती खरी कसोटी. नळीच्या आत पिळदार खाचा नसतील तर ती रायफल नव्हेच. त्यासाठी लाकडाचा एक जाड दंडगोल वापरत. त्यावर हव्या त्या पिळाचे चर आधीच कोरलेले असत. दंडगोल पुढेमागे ओढला की तो चरांच्या आधाराने फिरतो आणि त्याला जोडलेली सळईही नळीत तसाच पीळ घेते. सळईच्या टोकाला करवतीसारखे दोन-चार बारीक दात. एका ओढीत ते केसाएवढा किस काढतात. एक खाच झाली की दंडगोल पुढच्या चरावर आणायचा. साधारण सात खाचांची फेरी पूर्ण झाली की दातांखाली कागदाचा एक कपटा सरकवून त्यांना किंचित वर उचलायचे आणि पुन्हा पहिल्या खाचेपासून सुरुवात करायची. अशा शेकडो ओढींनंतर खाच पुरेशी खोल होते. ४८ इंचांत एक फेरा हा पिळाचा प्रचलित हिशेब. म्हणजे ४४ इंची नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीचा एक पूर्ण फेराही होत नाही. तरी तेवढ्या पिळाने ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

बंदुकीची कळ मात्र पुष्कळ कारागीर तयार घेत. इंग्लंडमधून आलेल्या कळी वसाहतींच्या दुकानांत मिळत. कमान, घोडा आणि पोलादी झडप यांचा मेळ बसला नाही तर उत्तम नळीही निरुपयोगी. कमान कमजोर असेल तर ठिणगी पडत नाही. झडपेला नीट पाणी दिले नसेल तर गारगोटी तिच्यावर नुसती घासत राहते. चांगल्या रायफलींना बहुधा दोन चाप असत. मागचा ओढून ठेवला की पुढचा इतका हलका होतो की बोट टेकताच घोडा सुटतो.

दस्त्यासाठी लाटालाटांच्या रेषा असलेला मेपल निवडत. नळी लाकडात बसवण्याचे काम फार सावकाश चालते. नळीला काजळी फासायची, ती खोबणीत हलकेच दाबायची आणि उचलायची. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे, तेवढेच पटाशीने खरवडायचे. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे चालते. कळ, चाप, पितळी पट्ट्या, सगळ्यांची खोबणी अशीच. नळीच्या दोन्ही अंगांचे लाकूड शेवटी इतके पातळ उरते की पटाशी जरा घसरली तरी दस्ता वाया जातो. नंतर लोखंड विरघळवलेले नत्राम्ल लाकडावर फासून त्याला तापलेल्या लोखंडाची धग देतात. त्यासरशी फिकट मेपल तांबूस तपकिरी होतो आणि त्यातल्या लाटा उठून दिसतात. वरून जवसाचे तेल. स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या काही दशकांत दस्त्यावरचे उठावाचे कोरीवकाम, पितळी झाकणावरची नक्षी आणि चांदीचे जडकाम कळसाला पोचले. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट आणि नाझरेथजवळच्या मोराव्हियन वस्तीतला ख्रिश्चन ओर्टर ही त्या परंपरेतली ठळक नावे. जाणकार वेलबुट्टीच्या वळणावरून आणि दस्त्याच्या उतारावरून रायफल कोणत्या परगण्यातली ते ओळखतात.

भरणे आणि उडवणे. शिंगातली दारू आधी मापात घेतात आणि मापातून नळीत ओततात. शिंगातून थेट ओतणे धोक्याचे, कारण आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर शिंगातली सगळी दारू हातात भडकते. मग नळीच्या तोंडावर चरबी लावलेली कापडाची चिंधी ठेवतात, तिच्यावर शिशाची गोळी. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते; फट भरून काढते ती चिंधी. खाचांत रुतून पीळ पकडण्याचे कामही चिंधीचेच, शिसे तिथे पोचत नाही. या रायफलीच्या अचूकपणाचे अर्धे श्रेय त्या चिंधीला द्यायला हवे. दस्त्यातला कप्पा चिंध्यांसाठी असतो तो उगाच नव्हे. गोळी अंगठ्याने दाबून, उरलेले कापड कापून, हिकरी लाकडाच्या गजाने ती तळापर्यंत ठासायची. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगू वा फुटू शकते. म्हणून नेमबाज गजावर खूण करून ठेवतात आणि दर वेळी ती पाहतात.

घोडा अर्ध्यावर ठेवून रंजकदाणीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, घालायची आणि झडप मिटायची. घोडा पूर्ण चढवला की बार तयार. चाप ओढताच घोड्याच्या जबड्यातली गारगोटी झडपेचे पोलाद खरवडत खाली येते. त्याच धक्क्याने झडप उघडते आणि ठिणग्या रंजकेवर पडतात. रंजक भपकन पेटते, तिची आच नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरते आणि बार उडतो. हे सारे क्षणार्धात होते, पण नेम हलायला तेवढा वेळ पुरतो. डोळ्यांसमोर, गालापासून वीतभर अंतरावर ज्वाळा उठत असताना माशी निशाणावर स्थिर ठेवायची, हीच या नेमबाजीतली सर्वांत कठीण गोष्ट. नवशिक्याची गोळी चुकते ती बहुतेक इथेच. दमट हवेत रंजक ओलावते. कान तुंबला असेल तर रंजक पेटूनही बार उडत नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच रोखून थांबावे लागते.

काळ्या दारूचा बराच भाग जळल्यावर काजळी आणि क्षार होऊन नळीत राहतो. दोन-चार बारांनंतर गोळी ठासणे जड जाते, म्हणून मधूनमधून ओली चिंधी फिरवतात. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात आणि नळी गंजते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे सक्तीचे. आधुनिक धूरविरहित दारू या नळीत कधीही भरू नये. तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही.

युद्धातील स्थान. १४ जून १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने रायफलधारी नेमबाजांच्या दहा तुकड्या उभारायला मंजुरी दिली. त्यांपैकी सहा पेनसिल्व्हेनियाच्या, उरलेल्या मेरिलँड आणि व्हर्जिनियाच्या होत्या. सॅराटोगाच्या लढाईत ७ ऑक्टोबर १७७७ रोजी ब्रिटिश सेनानी सायमन फ्रेझर प्राणघातक जखमी झाला. ती गोळी टिमथी मर्फी या नेमबाजाची होती असे परंपरा सांगते, पण पुरावा उशिराचा आहे. बरोबर तीन वर्षांनी, ७ ऑक्टोबर १७८० रोजी, किंग्ज माउंटनवर डोंगराळ मुलखातल्या रायफलधाऱ्यांनी ब्रिटिश अधिकारी पॅट्रिक फर्ग्युसनच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्यात फर्ग्युसन स्वतः मारला गेला. मागून भरायच्या रायफलीचे पेटंट त्याने १७७६ मध्ये घेतले होते.

लाँग रायफलीनेच अमेरिका स्वतंत्र झाली, हे चित्र मात्र लोकप्रिय असले तरी चुकीचे आहे. मस्केटचा शिपाई मिनिटाला तीन बार काढी; चिंधी-गोळी ठासणाऱ्या रायफलधाऱ्याला एक-दोनही जड जात. शिवाय रायफलीला संगीन नव्हती. उघड्यावर संगिनींचा हल्ला आला की रायफलधाऱ्याला माघार घ्यावी लागे. वॉशिंग्टनच्या सैन्याचा कणा मस्केटचाच राहिला. झाडांच्या आडून, दूरवरून, एकेका माणसावर नेम धरणे हे रायफलीचे क्षेत्र. सर्वसाधारण मस्केटने शंभर यार्डांवर एका माणसाला टिपणे नशिबावर अवलंबून असे. कसलेला रायफलधारी दोनशे यार्डांवरही भरवशाचा होता. जॉर्ज हँगर या ब्रिटिश अधिकाऱ्याने, आपण टार्लटन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर उभे असताना सुमारे चारशे यार्डांवरून सुटलेल्या एका अमेरिकन गोळीने मागच्या बिगुलवाल्याचा घोडा कसा पडला, ते लिहून ठेवले आहे.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन. अलेक्झांडर फॉरसाइथने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. त्यातून पुढे घोड्याच्या आघाताने पेटणारी टोपी आली आणि चकमक मागे पडली. मिसिसिपीपलीकडच्या मोठ्या जनावरांसाठी सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी आखूड, जाड आणि मोठ्या गोळीची रायफल प्रचारात आणली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर मागून भरायच्या काडतुसी रायफलींनी उरलेसुरले गिऱ्हाईकही नेले.

जॉन डिलिन यांचे ‘द केंटकी रायफल’ हे पुस्तक १९२४ मध्ये निघाले आणि अभ्यासकांचे लक्ष पुन्हा इकडे वळले. १९३३ मध्ये ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे सामने इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी भरतात. कलोनियल विल्यम्सबर्ग या संग्रहालय-नगरातील कारागीर वॉलेस गस्लर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून संपूर्ण रायफल हाताने घडवून दाखवली. १९६९ च्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या माहितीपटात ती प्रक्रिया पायरीपायरीने दिसते. आज बहुतेक हौशी कारागीर यंत्रावर केलेली नळी आणि तयार कळ घेऊन दस्ता व जडकाम स्वतः करतात. यालाही अस्सल कारागिरी म्हणायला हरकत नाही, कारण अठराव्या शतकातले पुष्कळ कारागीरही कळ विकतच आणत होते. ओर्टरची १७७५ सालची एक रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्ज येथून चोरीला गेली होती. ती २०१८ मध्ये हाती लागली आणि नंतर फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयात मांडली गेली.

कायदा. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृती सामान्य बंदुकांच्या व्याख्येबाहेर आहेत. राज्यांचे नियम वेगवेगळे. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी नाताळानंतर केवळ चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ठासणीची बंदूक बाळगायलाही परवाना लागतो आणि बनवायला वेगळा परवाना. कोकणात रानडुकरे-वानरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. भरण्याची रीत तीच असली तरी त्या रायफली नव्हेत. त्यांच्या नळीत पीळ नसतो.