समुद्र फुगतो, त्याचा आपल्या वावराशी काय संबंध?

खापा : समुद्र इथून शेकडो किलोमीटर. तरी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांचं संशोधन आपल्या वावरापर्यंत येतं. पाणी तापलं की फुगतं. हिंदी महासागराची पातळी वाढण्यात निम्म्याहून जास्त वाटा या फुगण्याचाच आहे, बर्फ वितळण्याचा त्याहून कमी. अरबी समुद्र तापला की त्याची वाफही वाऱ्यासोबत इकडे येते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. एकूण पाऊस मात्र घटला. म्हणजे आठवडाभर उघाड, मग एका रात्रीत कन्हान दुथडी. कपाशीला दोन्ही मारक. पीकविम्याचा अर्ज भरताना हे ध्यानात ठेवा.