पाखरांच्या खानावळीतला कॅमेरा

पक्ष्यांचे फोटो काढू पाहणाऱ्या पहिल्या मंडळींपुढे मुख्य प्रश्न होता तो जागेचा. जड कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, आधी फोकस लावायचा, मग काचेची प्लेट सरकवायची. त्यानंतर पाखरू वीतभर बाजूला बसलं तरी प्लेट वाया. म्हणजे ते नेमकं कुठे बसणार हे आधीच ठाऊक हवं.

याचं पहिलं उत्तर मिळालं घरट्यात. यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी 1892 साली घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला. 1895मध्ये त्यांचं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक छायाचित्रांनिशी निघालं. पुढे तर त्यांनी पेंढा भरायच्या बैलाचं कातडं आतून पोकळ ठेवलं आणि त्यात दडून फोटो काढले! पण घरट्यापाशी धोका होता. फोटोसाठी आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला केल्या, की पिल्लं उन्हात आणि शिकाऱ्यांच्या नजरेत येत.

दुसरं उत्तर परसदारी तयार होत होतं, तेही कॅमेऱ्याचा विचार न करता. 1890-91च्या कडक हिवाळ्यात इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी पाखरांना खायला घालण्याचं आवाहन केलं आणि दयेपोटी सुरू झालेलं हे काम हळूहळू छंद बनलं. दाण्यापाशी पाखरू रोज येतं, आणि तिथे त्याची अंडी-पिल्लं नसतात.

उरला प्रश्न उजेडाचा आणि रंगाचा. 1935मध्ये आलेली कोडॅक्रोम फिल्म रंग सुंदर पकडायची, पण ती फार मंद होती, म्हणजे तिला भरपूर उजेड लागायचा. एलियट पोर्टर या अमेरिकन डॉक्टरने फ्लॅशच्या झोतात रंगीत पक्षी टिपले; 1943 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्याच्याही आधी, 1930च्या दशकात, एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोतात हमिंगबर्डचे फडफडते पंख गोठवले होते. ते हमिंगबर्ड नळीतल्या साखरपाण्यासाठी येत. जागा, रंग आणि वेग, तिन्ही आता हाताशी आले.

1969मध्ये पीटर किलहॅम यांनी पारदर्शक नळीचा फीडर, म्हणजे पाखरांना दाणे देणारं पात्र, आणलं आणि पक्ष्याची बैठक आणखी पक्की झाली. अमेरिकेतला पिवळाधमक गोल्डफिंच अशा नळीवर ज्या काळ्या बारीक बियांसाठी लोंबकळतो, ते आपले कारळे! भारत आणि इथिओपियातून ते तिकडे जातात. सोबत अमरवेलीसारख्या तणाचं बी गेलं तर ते उगवू नये म्हणून त्यांना उष्णता दिली जाते. आपल्याकडे ज्याची चटणी होते, त्यावर तिकडे फोटो जमतात.

आताचे छायाचित्रकार फीडरजवळ एक वाळकी फांदी रोवतात. पाखरं पाळी येईपर्यंत तिच्यावर टेकतात. फोकस तिच्यावर, मागची झाडी दूर आणि धूसर, फीडर चौकटीबाहेर. फोटो रानातला वाटतो.

मात्र ठरलेली जागा रोगालाही सोयीची. 1994च्या सुमारास वॉशिंग्टनच्या परिसरात हाउस फिंच या पक्ष्यांमध्ये डोळ्यांचा संसर्ग दिसला आणि फीडरवरच्या गर्दीतून तो फैलावला. म्हणून तिथले जाणकार फीडर नियमित धुवायला सांगतात आणि आजारी पक्षी दिसला तर काही दिवस उतरवून ठेवायला. ज्याने पाखराला बोलावलं, त्याने लेन्सआधी फीडर पुसावा.